दूध वर्ज्य, तेल चालू

हौसाने चहा गाळला. दोन कपांत दूध घातलं आणि तिसरा कप तसाच काळा मथुरापुढे सरकवला.

"आत्ये, गोळी घेऊन दोन तास होऊन गेले," मथुरा म्हणाली.

"कुठल्या घड्याळात?"

"भिंतीवरच्या."

"ते पुढे धावतं. तुझ्या आतोबांनी मुद्दाम पुढे करून ठेवलंय, होडीवर जायला उशीर नको म्हणून. पी गपचूप."

हौसाचा नवरा धोंडू दाराशी बसून जाळ्याचा फाटका भाग सांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पी गो बाय. डॉक्टर एकदा बोलून कोल्हापूरला निघून गेला. ही काय कुठे जात नाय."

मथुरा ही हौसाच्या धाकट्या भावाची, हर्ण्याच्या रावजीची मुलगी. बारावी झाल्यावर टायपिंग शिकायला ती रत्नागिरीला आत्याकडे आली. सरकारी टायपिंगची परीक्षा पास झाली की कुठल्याही कचेरीत अर्ज करता येतो, हे तिने स्वतःच चौकशी करून काढलं होतं. हौसाचं घर मांडवीला, समुद्राच्या अंगाला. तिचे दोन्ही मुलगे बोटीवर खलाशी. घरी येत ते पाहुण्यासारखे, आणि आले की झोपून काढत. त्यामुळे घरात एक मुलगी वावरते आहे, ओटीवर तिची पुस्तकं पडली आहेत, दोरीवर तिची ओढणी वाळते आहे, याचंच हौसाला अप्रूप होतं. शेजारची चिमा तिला म्हणायची, "तुझ्या पायाला हल्ली भिंगरी लागलीय." हौसा म्हणायची, "लागू दे."

पण पावसाळ्याच्या सुमाराला मथुराच्या चेहऱ्यावर मुरुमं आली. वयात आलेल्या कुठल्याही पोरीला येतात तशी ही नव्हती. गालापासून जबड्यापर्यंत खोल गाठी, आत पू, आणि हात लावला तरी ठणका. कुशीवर झोपणं बंद झालं. टायपिंगच्या वर्गात ती भिंतीकडेचं मशीन धरून बसायला लागली, म्हणजे निदान एक गाल तरी लोकांना दिसत नसे. कोणाकडे बोलावणं आलं की तिचं पोट दुखायचं. एक दिवस हौसा न्हाणीत गेली तर आरसा खिळ्यावर नव्हता. तो फडताळात, चादरींच्या खाली सापडला. हौसाने तो तिथेच राहू दिला आणि संध्याकाळी धोंडूला सांगितलं, "कोल्हापूरचा कातडीचा डॉक्टर येतो ना बाजारपेठेत, त्याच्याकडे उद्या हिला नेतेय."

डॉक्टरांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्या बरेच दिवस घ्यायच्या होत्या, आणि घ्यायचे नियमही होते. रिकाम्या पोटी, भरलेल्या पेल्याने, सरळ बसून. गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. दूध, दही, ताक त्या वेळेच्या आसपास नाही. पित्तावरचं पांढरं पातळ औषध नाही. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या त्याच वेळी नाहीत. "या गोष्टी औषधाला पोटातच धरून ठेवतात. मग ते अंगाला लागत नाही," डॉक्टर म्हणाले. शिवाय उन्हात फिरायचं नाही, कातडी भाजून निघते.

हौसाला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. घरी येईपर्यंत सगळे नियम तिला पाठ झाले होते. धोंडूची पित्ताची बाटली तिने तांदळाच्या डब्यामागे हलवली, मथुराच्या हाताला चुकून लागू नये म्हणून. दवाखान्यातून मथुराला लोहाच्या लाल गोळ्या मिळत होत्या, त्या तिने डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणानंतर नेल्या. आणि टायपिंगला जाताना ती मथुराच्या हातात छत्री द्यायची. दसरा होऊन गेला होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"लोकं विचारतात, पाऊस येणार हाय का म्हणून," मथुरा म्हणाली.

"येणार हाय म्हणून सांग."

इतकं सगळं पाळणाऱ्या त्या घरात डॉक्टरांना न सांगितलेली एक गोष्ट चालू होती. ती म्हणजे मुशीचं तेल.

मुशी हा आपल्या किनाऱ्यावर मिळणारा लहान शार्क. धोंडूच्या जाळ्यात मुशी सापडली की मांस बाजारात जाई आणि काळीज, म्हणजे यकृत, घरी येई. हौसा ते काळीज मंद आचेवर ठेवायची, वर आलेलं तेल फडक्यातून गाळायची आणि बाटल्या भरायची. त्यातलं बरंचसं होडीच्या लाकडाला फासायला जाई. उरलेलं माणसांसाठी. थंडीच्या दिवसांत पोरांना, बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला रोज एक लहान चमचा, वर गुळाचा खडा, असं थोडे दिवस. हौसाच्या आईने हर्ण्याला तेच केलं होतं, सासूने मांडवीला तेच केलं. अंगाला धरतं, कातडी तुकतुकीत होते, नजर साफ राहते, असं सगळ्याच म्हणायच्या.

हौसाच्या लेखी ते औषध नव्हतंच. ते खाणं होतं. आपण भात खातो, हे डॉक्टरला सांगायला कोण जातं? मथुराला ती तेल देऊ लागली ते दसऱ्यानंतर, आणि तेही नियम सांभाळून: कॅप्सूलच्या वेळेपासून लांब, दुपारच्या जेवणावर.

"होडीच्या बुडाला फासतो तेच पोरीला पाजतेस," धोंडू म्हणायचा. "बरं हाय. पाणी शिरायचं नाय तिच्यात."

"तुमची होडी अजून तरंगते ती कशाने?"

"ती बिचारी बोलत नाय म्हणून. नायतर पहिली तीच ओरडली असती."

मथुरा नाक दाबून चमचा तोंडात उलटा करायची आणि गुळासाठी हात पुढे करायची.

दिवाळीपर्यंत चेहरा निवळायला लागला. गाठी बसल्या, नव्या येणं कमी झालं. मथुराने न सांगता आरसा परत न्हाणीत लावला. हौसाने तो पाहिला आणि त्या दिवशी तिने नारळाच्या रसातल्या शेवया केल्या.

आता प्रश्न आला श्रेयाचा. चिमा म्हणाली, "कोल्हापूरवाल्याच्या हाताला गुण हाय." हौसाला ते लागलं. कॅप्सूलला ती नावं ठेवत नव्हती. कॅप्सूलचं पथ्य हौसाइतकं कोणी पाळलं नसतं. पण काळीज कढवताना धुरात डोळे कोणी चुरचुरवून घेतले होते? मथुराला विचारलं तर ती म्हणाली, "दोन्हींनी." हौसाने तेवढं पुरेसं मानलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लहान चमच्याच्या जागी मोठा आला. काही दिवसांनी एकाचे दोन झाले.

डोकेदुखी सुरू झाली ती त्यानंतर. सकाळी उठल्याउठल्या कपाळ जड, खाली वाकलं की जास्त. हौसाने सुंठ उगाळून लावली. मग मथुरा सांगू लागली की बसल्याजागेवरून उठलं की डोळ्यांपुढे पडदा आल्यासारखं होतं, क्षणभर काही दिसत नाही, मग येतं. टायपिंगचे मास्तर भागोजी भाऊ शिस्तीचे होते, त्यांनी तिचा कागद हौसाच्या हातात दिला आणि म्हणाले, "हाताला वेग आहे. पण ओळीच्या ओळी गाळतेय. डोळे दाखवा हिचे."

चष्म्याच्या दुकानात गेल्यावर बारीक नंबर निघाला आणि चष्मा आला. मथुराने तो दोन दिवस घातला. "घालून पण तसंच दिसतं," ती म्हणाली.

मग चिमा बोलली. "डोळ्याला माशाच्या तेलासारखं दुसरं काय नाय हां. आमच्या वेळेला शाळेत वाटायचे."

ते खरंच होतं, आणि हौसाला ते आधीपासून ठाऊक होतं. आपल्याला आधी कसं सुचलं नाही, एवढंच तिला वाटलं. त्या दिवसापासून तेल दुपारी एकदा न देता सकाळ-संध्याकाळ झालं. दोन मोठे चमचे सकाळी, दोन संध्याकाळी. मथुराचे ओठ फुटून सालपटं निघायला लागली, फणीत केसांचे पुंजके यायला लागले, तळहात सोलायला लागले. हौसाने ओठांना खोबरेल लावलं. थंडी आहे, ती म्हणाली.

एका संध्याकाळी दोघी किनाऱ्यावर धोंडूची वाट पाहत उभ्या होत्या. होडी आत येताना दिसली.

"आत्ये, आतोबांच्या दोन होड्या दिसतायत मला."

पाण्यातून चालत आलेल्या धोंडूने ते ऐकलं. "बरं झालं. एकीवर तुझ्या आत्याला पाठवून देतो. मी सुटलो."

हौसा हसली. मग तिने मथुराकडे पाहिलं. मथुरा हसत नव्हती. तिने एक डोळा हाताने झाकला होता आणि दुसऱ्याने ती समुद्राकडे बघत होती. मग हात काढून पुन्हा दोन्हींनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्यावर अंधाऱ्या खोलीत नेऊन हातातल्या दिव्याने मथुराच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. आधी एका, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. हौसा दाराशी उभी होती. माणूस तेच परत परत बघतो तेव्हा त्याला नको ते दिसलेलं असतं, एवढं तिला कळत होतं.

"डोळ्यांत दोष नाही," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "डोळ्यांच्या मागे जी नस असते ती सुजली आहे. डोक्याच्या आतला दाब वाढला की असं होतं. औषधं कुठली चालू आहेत?"

हौसाने कॅप्सूलचं नाव नीट सांगितलं. कधीपासून, किती वेळा, दुधाशिवाय, पित्ताच्या औषधाशिवाय, लोहाची गोळी रात्री. बाई ऐकत राहिल्या.

"इतकं पथ्य पाळणारं माणूस मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ही कॅप्सूल आजपासून बंद. क्वचित कोणाला हिच्याने असा दाब वाढतो. आणखी काही घेते का? टॉनिक, ताकदीच्या गोळ्या, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या? कोणी बोटीवरून आणलेलं परदेशी औषध?"

"नाय हो. दुसरं औषध एक नाय. मी देते ना सगळं माझ्या हाताने."

"चार-पाच दिवसांनी परत आणा. गोळीमुळे असेल तर उतार पडायला लागेल. नाही पडला तर मुंबईला न्यावं लागेल. डोक्यात गाठ वगैरे नाही ना, ते तिथे मशीनवर दिसतं." बाईंनी आवाज खाली आणला. "ही सूज राहिली तर नजर जाते, हौसाबाई. आणि गेलेली परत येत नाही."

 घराजवळ आल्यावर मथुरा म्हणाली, "अंध झाले तर टायपिंग येतं म्हणे. बोटांनी चाचपून."

"गप बस," हौसा म्हणाली.

आता कॅप्सूल नव्हती. पोरीच्या अंगात जे काही चांगलं जाणार ते आपल्याच हातून, असं हौसाच्या मनाने घेतलं. धोंडूने मुद्दाम लांब जाऊन ताजं काळीज आणलं. हल्ली तो चेष्टा करत नव्हता. मथुराला तेलाच्या वासानेच मळमळत होतं.

"आज नको आत्ये. उलटी होईल."

"डोळ्यांसाठी घे."

"नको गो."

"मग माझ्यासाठी घे."

मथुराने घेतलं.

चार दिवस गेले, उतार पडला नाही. डॉक्टरीणबाईंनी दिवा घालून पाहिलं आणि या वेळी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "उद्या दुपारच्या गाडीने निघा. सकाळी येऊन चिठ्ठी घेऊन जा. मी आजच मुंबईला फोन लावून ठेवते."

हर्ण्याला निरोप गेला. सकाळी पहिल्या एस.टी.ने रावजी आला, वळकटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन. तो हर्णे बंदरावर मासळीच्या लिलावात बोली पुकारायचा. साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा त्याचा आवाज. त्या दिवशी तो इतकं हळू बोलत होता की धोंडूला दोनदा "काय?" विचारावं लागलं.

चिठ्ठी आणायला हौसा, रावजी आणि मथुरा तिघं गेले. रावजी आणि मथुरा बाहेरच्या बाकावर बसले, हौसा आत गेली. बाईंची चिठ्ठी लिहून झाली होती, त्या सही करत होत्या.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"तिथल्या हॉस्पिटलात घरचं काय देऊ देतात का? म्हणजे बाटली बरोबर देईन म्हणते. मी नसेन तिथे. तिच्या बापाला आठवण राहायची नाय आणि मधेच खाडा पडला तर इतक्या दिवसांचं फुकट जायचं."

"कसली बाटली?"

"तेलाची. मुशीच्या."

सही अर्धी राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे ती पिते?"

"मग काय. डोळ्यांसाठी."

"किती?"

हौसाने सांगितलं. मोठा चमचा म्हणजे केवढा, तेही हाताने दाखवलं. आधी एक होता, मग दोन, आता चार. कॅप्सूल बंद झाल्यावरही चालूच. सांगता सांगता तिचा आवाज हळू होत गेला, कारण समोरच्या बाईंचा चेहरा बदलत होता. बाई उठल्या, दार उघडून मथुराला आत बोलावलं, तिचे ओठ पाहिले, तळहात उलटे करून पाहिले.

"केस गळतायत?"

"पुष्कळ," मथुरा म्हणाली.

"हाडं दुखतात?"

"नडगी दुखते. मला वाटलं चालून."

बाईंनी तिघांनाही बसवलं आणि सावकाश सांगितलं. मुशीच्या काळजात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. डोळ्यांना ते लागतंच, म्हणून तर शाळेत माशाचं तेल वाटायचे. पण अंग ते बाहेर टाकत नाही, साठवतं. थंडीत थोडे दिवस एक लहान चमचा घेणाऱ्याला काही झालं नसेल. रोज चार मोठे चमचे म्हणजे विष व्हायला वेळ लागत नाही. आणि ते जास्त झालं की डोक्यातला दाब वाढतो. मुरुमाची कॅप्सूलही क्वचित तेच करते. दोन्ही एकत्र देऊच नयेत, असं पुस्तकात लिहिलेलं आहे.

"मी विचारलं होतं तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही औषधाचं विचारलंत," हौसा म्हणाली.

बाईंनी चिठ्ठी पुन्हा पुढे ओढली. "हो," त्या म्हणाल्या. "औषधाचंच विचारलं. पुढच्या माणसाला मी खाण्याचंही विचारेन."

चिठ्ठीवर त्यांनी आणखी चार ओळी लिहिल्या. मुंबईला जायचंच होतं. दाब उतरवायचे उपाय तिथेच होते, आणि गाठ नाही याची खात्री मशीनच देणार होतं. "पण काल मला जेवढी भीती वाटत होती तेवढी आज वाटत नाही," त्या मथुराला म्हणाल्या. "तेलाचा थेंबही नको. ती कॅप्सूल पुन्हा कधीच नको. कोणत्याही डॉक्टरकडे गेलीस तर हे आधी सांगायचं."

बाहेर आल्यावर हौसा पायरीवरच बसली. रावजी तिच्यासमोर उभा राहिला. 

"आईने आपल्याला पण पाजलंच होतं गो," तो म्हणाला.

"एक चमचा. मी चार पाजले. नको म्हणत होती ती, तरी पाजले."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं तर विचारायचं होतं. दूध विचारलं, दही विचारलं, छत्रीचं विचारलं. माझ्या हातचं तेवढं नाय विचारलं."

मथुरा तिच्या शेजारी बसली. सूर्य वर आला होता आणि उजेडाने तिचे डोळे दुखत होते, म्हणून तिने डोकं आत्याच्या खांद्यात घातलं. "मी पण नाय सांगितलं बाईंना. मला बोलता येत होतं की," ती म्हणाली. "बाबा, आत्या पण येणार मुंबईला."

"अगो, दोन तिकिटं काढलीत."

"तिसरं काढा. तुम्ही घोरता. मला रात्री काय लागलं तर मी कोणाला उठवू?"

हौसा म्हणाली, "मी नको. माझ्या हाताला—"

"आत्ये, तुझ्या हाताला काय पण झालेलं नाय. पिशवी भर."

दुपारच्या गाडीने तिघं गेले. धोंडू स्टँडवर आला होता. खिडकीतून त्याने हौसाला एवढंच सांगितलं, "घरातल्या सगळ्या बाटल्या होडीला फासतो. तू परत येशील तेव्हा एक शिल्लक नसेल."

मुंबईत मथुराच्या डोक्याचा फोटो निघाला. गाठ नव्हती. मणक्यातून सुई घालून थोडं पाणी काढलं, दाब उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. डोकेदुखी आठवड्याभरात हटायला लागली, पण साठलेलं तेल अंगातून जायला महिने लागतील आणि नजर पूर्ण येईलच असं आज सांगता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या वॉर्डात हौसा परिचारिकांच्या ओळखीची झाली. पाण्याचा पेला द्यायचा तरी ती विचारून यायची.

रत्नागिरीला परत आल्यावरही तेच. मथुराच्या ताटात भात आणि वरण पडायचं आणि वाढणारा हात तिथे थांबायचा.

"आत्ये, बांगडा वाढ."

"विचारलंयस?"

"बांगडा मी दात आल्यापासून खातेय."

"तेल पण लोकं तेव्हापासूनच खातात."

धोंडू आपल्या ताटातला तुकडा मोडत म्हणाला, "मला वाढताना कधी विचारलं नायस कोणाला."

"तुम्हाला काय होणार हाय?"

मथुरा उठली, स्वतः तव्यावरून बांगडा घेतला, आत्याच्या समोर बसून काटे काढत सगळा खाल्ला. हौसा तिच्याकडे बघत राहिली, ती घास गिळेपर्यंत. असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी, बोलण्याच्या नादात, हौसाने मथुराच्या भातावर आमटी ओतली आणि ओतून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. मथुराने मान खाली घालून भात कालवला. धोंडूने आमटीचं भांडं आपल्याकडे ओढलं.

शिमग्यानंतर डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलं. दिव्याने पाहून त्या म्हणाल्या, "सूज गेली." मग त्यांनी मथुराला लांब खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकायला सांगितला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे काठी केली. वर मोठी अक्षरं, खाली खाली बारीक होत गेलेली.

मथुरा वाचू लागली. हौसा बाजूला उभी होती. पोरगी वाचते आहे ते बरोबर की चूक, हे कळायला तिला काही मार्ग नव्हता. ती तक्त्याकडे बघतच नव्हती. ती बाईंच्या मानेकडे बघत होती. प्रत्येक अक्षराला मान थोडी हलत होती. काठी खाली गेली, आणखी खाली गेली, मथुराचा आवाज सावकाश झाला. शेवटच्या ओळीवर एकदा ती अडली. मान हलली नाही. मग मथुराने डोळे बारीक केले, पुन्हा म्हणाली, आणि मान हलली.

"दुसरा डोळा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या डोळ्याने ती अडली नाही.

"परीक्षेला बसायला हरकत नाही," बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष मथुराच्या हनुवटीकडे गेलं. कॅप्सूल बंद झाल्यापासून तिथे पुन्हा दोन-तीन गाठी उठल्या होत्या. "चेहऱ्याचं काय करतेस?"

"काय नाय. असू दे."

"असू दे कशाला? वरून लावायची औषधं असतात. कातडीच्या डॉक्टरांना सगळं सांग, ते देतील."

 हौसाने पदर सारखा केला. मग म्हणाली, "बाई, रक्तचंदन उगाळून लावलं तर?"

"वरून?"

"वरूनच. पोटात काय नाय."

"त्या डॉक्टरांची भेट होईपर्यंत लावा. जळजळलं तर लगेच धुवा. आणि त्यांनी मलम दिलं की त्यांना विचारा, दोन्ही चालेल का."

"विचारेन," हौसा म्हणाली.

दोघी चालत मांडवीकडे निघाल्या. बाजारपेठेत हौसा एका दुकानासमोर थांबली आणि वरच्या पाटीकडे बोट केलं. "तिथे काय लिवलंय?"

"साड्यांचं दुकान आहे आत्ये. साड्या लिहिलंय."

"ते मला साड्या बघून पण कळतं. खाली बारीक काय हाय?"

मथुराने वाचून दाखवलं. पुढे औषधाचं दुकान, सायकलवाला, पिठाची गिरणी. प्रत्येक ठिकाणी हौसा थांबली. गिरणीपाशी गिरणीवाला धाकू पिठाचे हात झाडत उभा होता. हौसाने त्यालाच विचारलं, "काय रे, बरोबर वाचतेय का ही?"

धाकूने मान मागे करून स्वतःच्याच पाटीकडे पाहिलं. "बरोबर हाय काकी. कोपऱ्यात रंगाऱ्याने बारीक अक्षरात आपलं नाव टाकलंय, ते पण वाचलंन तिने. मला आज कळलं."

"चल," हौसा म्हणाली, आणि मथुराचा हात धरून पुढच्या पाटीखाली जाऊन उभी राहिली.